चार शब्दांचा पगार

मागच्या रविवारी गोवंडी स्टेशनच्या पुलावर ओळखीच्या एक ताई भेटल्या. चेंबूरला दोन घरची कामे उरकून परतत होत्या. हातातली पिशवी कठड्याला टेकवून म्हणाल्या, "तुम्ही पेपरात लिहिता म्हणून विचारते. नुसतं लिहिण्याचा पगार मिळतो का हो?"

आम्हांला हसू आले. या सदराचे मानधन ज्याला ठाऊक आहे त्यालाही आले असते. पण ताईंचा चेहरा गंभीर होता.

"माझी थोरली अंधेरीला कंपनीत लागलीय. पगार वेळेवर येतो, खोटं कशाला बोलू? पण परवा तिला बघायला पाहुणे आले. मुलगी काय करते म्हणाले. मी म्हटलं, लिहिते. काय लिहिते? मला सांगता येईना. रात्री तिलाच विचारलं, तर म्हणते, आई, आज दिवसभर बसून चार शब्द लिहिले, एका बटणावरचे. आता तुम्हीच सांगा, चार शब्दांचा पगार कोण देतं? पोरगी काही लपवत तर नाही ना?"

वाचक बंधू-भगिनींनो, ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या आईबापांच्या पिढीला डोळ्यांना दिसणारे काम ठाऊक आहे. गिरणीत कापड निघत असे. झाडलेला रस्ता स्वच्छ दिसतो. बांधलेली भिंत उभी राहते. बटणावरचे चार शब्द हे काम कसे, असे त्या माउलीला वाटले तर तिचे काय चुकले? म्हणून आम्ही त्या मुलीलाच गाठले. तिने तासभर समजावून सांगितले. ते आमच्या शब्दांत येथे मांडतो. कारण हे काम आपल्या वस्तीतल्या पुष्कळ मुलामुलींना जमण्यासारखे आहे, आणि आपल्यातल्या कोणीच ते केले नाही तर नुकसान आपलेच आहे.

तिच्या कामाचे नाव लांबलचक आहे: यूजर एक्स्पीरियन्स कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट आणि रायटर. नावाला घाबरू नका. मोबाइलवर पैसे पाठवताना, गॅसचा नंबर लावताना, दाखल्याचा अर्ज भरताना पडद्यावर जे शब्द दिसतात, 'पुढे जा', 'रद्द करा', 'पिन चुकला आहे', ते आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी खुर्चीत बसून ते लिहिलेले असतात. तो लिहिणारा म्हणजे रायटर. आणि कोणती माहिती कोणत्या पायरीवर द्यायची, कोणती गाळायची, मुळात ही पायरी हवीच कशाला, हे ठरवणारा तो स्ट्रॅटेजिस्ट. पुष्कळ ठिकाणी ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात असतात.

हे काम नवे असले तरी त्याची जात आपल्याला जुनी ओळखीची आहे. मनीऑर्डर आठवा. १८८० साली सुरू झालेल्या त्या सेवेने मुंबईतल्या कामगाराचा पगार कोकणात, घाटावर, विदर्भ-मराठवाड्यात पोचवला. फॉर्मच्या एका टोकाला निरोपाचे कुपन असे. जागा जेमतेम दोन-चार ओळींची. तेवढ्यात सगळे बसवायचे: पैसे किती, त्यातले कोणाचे किती, सावकाराला किती, धाकट्याच्या फीला किती. ज्यांना लिहिता येत नसे ते फोर्टात जीपीओसमोर बसणाऱ्या पत्रलेखकाकडे जात. चांगला पत्रलेखक आधी विचारायचा, "घरी वाचणार कोण?" वाचणारा शाळामास्तर असेल तर एक मजकूर, चौथीतला पोरगा असेल तर दुसरा. त्या मुलीने आम्हांला सांगितले की तिच्या कंपनीत कामाची सुरुवात याच प्रश्नाने होते. वाचणार कोण?

हा प्रश्न विचारला नाही की काय होते, ते आमच्याच गल्लीत घडले आहे. एका मुलाने कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. बाप नाका कामगार. सायबर कॅफेवाल्याला पैसे द्यायला नकोत म्हणून पोराने मोबाइलवर दोन रात्री जागून एकेक कागद चढवला. शेवटी पडद्यावर दोन बटणे आली. एकावर 'जतन करा', दुसऱ्यावर 'सादर करा'. आता 'सादर' म्हटले की आपल्या पोरांना गॅदरिंगमधला नाच आठवतो, आणि 'जतन' म्हणजे नीट सांभाळून ठेवणे. त्याने 'जतन करा' दाबले. हिरवी खूण आली आणि मजकूर आला की आपला अर्ज यशस्वीरीत्या जतन झाला आहे. घरात साखर वाटली. तीन महिन्यांनी चौकशीला गेला तेव्हा समोरचा माणूस म्हणाला, "तुझा अर्ज आलेलाच नाही." मुदत संपली होती. त्या वर्षाची फी बापाने व्याजाने पैसे काढून भरली.

मुलगा अडाणी नव्हता. बारावीला चांगले गुण होते. मुलगा आळशीही नव्हता. शब्द चुकला होता, आणि तो मुलाने लिहिलेला नव्हता.

आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा ताईंच्या मुलीने वहीचे पान फाडले आणि पेन्सिलीने तोच पडदा पुन्हा लिहून दाखवला. पहिल्या बटणावर तिने लिहिले, 'नंतर पूर्ण करतो'. दुसऱ्यावर, 'अर्ज पाठवा'. आणि पहिले बटण दाबल्यावर हिरवी खूण काढून टाकून असा मजकूर: 'तुमचा अर्ज अजून पाठवलेला नाही. भरलेली माहिती आम्ही ठेवली आहे. शेवटच्या तारखेच्या आत अर्ज पाठवा हे बटण दाबा.' खाली तारखेसाठी मोकळी जागा. अर्ज खरोखर गेल्यावर तिने आणखी एक ओळ ठेवली: 'अर्ज पोचला. हा तुमचा अर्ज क्रमांक. पुढची खबर एसएमएसने येईल.'

आम्ही ते पान पाहत राहिलो. त्या घराचे एक वर्षाचे व्याज एवढ्या ओळींत वाचले असते. चार शब्दांचा पगार कोण देतो, याचे उत्तर आम्हांला तेथे मिळाले. चार चुकीच्या शब्दांची किंमत कोण मोजतो, हे ज्याला कळते तो देतो.

व्यापाऱ्यांना हे आधी कळले. जेरेड स्पूल या अमेरिकन जाणकाराने २००९ साली एक हकीकत लिहिली. एका मोठ्या दुकानाच्या संकेतस्थळावर माल निवडल्यावर पैसे भरण्याआधी 'नोंदणी करा' असे बटण येत असे. गिऱ्हाईक वैतागून निघून जात. त्या जागी 'पुढे चला' असे बटण आले आणि खरेदीसाठी खाते उघडण्याची गरज नाही अशी एक सरळ ओळ आली. स्पूल सांगतात की त्या दुकानाची वर्षाची विक्री ३० कोटी डॉलरने वाढली. सरकारांपैकी ब्रिटनने हे काम मनावर घेतले. ऑक्टोबर २०१२ पासून त्यांनी आपल्या खात्यांची वेगवेगळी संकेतस्थळे एका ठिकाणी आणायला सुरुवात केली, त्यासाठी मजकूर घडवणारी माणसे नेमली आणि त्यांना दंडक घातला की नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येईल इतके सोपे लिहा. विद्वानांनाही सोपेच वाचायला आवडते, त्यांनाही घाई असते.

शब्द बदलून भागत नाही अशीही वेळ येते, आणि तेथे स्ट्रॅटेजिस्टचे काम लागते. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची यूपीआय ही सोय एप्रिल २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला 'भीम' ॲप आले आणि उद्घाटनाच्या वेळी त्याचे नाव बाबासाहेबांच्या नावाशी जोडले गेले. भाजीवाल्या मावशीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या हाती ती सोय पोचली. तिच्यात पैसे पाठवण्याबरोबर पैसे मागण्याचीही वाट होती. लबाडांनी तीच धरली. तुम्ही जुने कपाट विकायला काढता. कोणी फोन करतो, "पैसे पाठवतोय, मोबाइलवर आलंय ते मान्य करा आणि पिन टाका." पडद्यावर खरे तर पैसे मागितल्याचा निरोप असतो. पण घाईत वाचणाऱ्याला रक्कम दिसते, ओळखीचे बटण दिसते. पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात.

यावर पडद्यावर इशारे लिहिले गेले, जाहिराती झाल्या. तरी माणसे फसत राहिली. अखेर यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे अशी मागणी पाठवण्याची वाटच ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला लावली. खड्ड्यापाशी पाटी लावून भागले नाही, तेव्हा खड्डा बुजवावा लागला. पाटी कधी पुरते आणि खड्डा कधी बुजवायचा, हे ओळखणे हीच या कामातली खरी अक्कल, असे ती मुलगी म्हणाली. (लबाडांनी नव्या वाटा काढल्या आहेत, तेव्हा घरात सर्वांना पाठ करून ठेवायला सांगा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.)

आता आपल्या घरोघरीच्या प्रश्नाकडे येतो. अर्जात 'धर्म' असा रकाना असतो आणि खाली 'जात' असा. या दोन रकान्यांपाशी आपल्या किती घरांत रात्री वाद झाले असतील! बाप म्हणतो बौद्ध लिही. मामा म्हणतो, बौद्ध लिहिलेस तर सवलत जाईल. पोरगा मधल्यामध्ये. खरी गोष्ट अशी आहे की अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते. १९५६ साली त्यात शीख आले आणि १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्ध आले. म्हणजे धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले म्हणून अनुसूचित जातीचा हक्क जात नाही. जातीचा दाखला मात्र आपल्या जातीच्या नावाने रीतसर काढलेला असावा लागतो. ही गोष्ट आज तीस वर्षांहून जुनी झाली. ती त्या रकान्याखाली एका ओळीत लिहून ठेवली तर किती घरांतले वाद मिटतील! पण ती ओळ लिहायचे सुचणार कोणाला? ज्याच्या घरात तो वाद झाला आहे त्याला. ज्याने तो रकाना कधी विचार न करता भरला, त्याच्या डोक्यात हा प्रश्न येणार तरी कसा?

तसेच नावाचे. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर गावाचे नाव लावलेले दुसरे, रेशनकार्डावर बापाचे नाव टोपणनावाने. पडदा म्हणतो, 'नाव जुळत नाही.' कोणते नाव? कशाशी जुळत नाही? दुरुस्ती कुठे करायची? चांगला लिहिणारा या तीन प्रश्नांची उत्तरे तेथेच देतो. वाईट लिहिणारा लाल अक्षरात चूक दाखवतो, आणि माणसाला वाटते की चूक आपल्याच जन्मात आहे.

हा प्रश्न सोयीचा की हक्काचा, याचा निकाल आता सर्वोच्च न्यायालयानेही दिला आहे. बँक खाते, सिमकार्ड यांसाठी मोबाइलवर ओळख पटवताना पडदा सांगतो, डोळ्यांची उघडझाप करा. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, पापण्या जळाल्या, त्यांनी काय करायचे? अशा भगिनी आणि एक दृष्टिहीन बांधव न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की अशा सेवांपर्यंत पोचता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि वाटा सर्वांसाठी खुल्या करण्याचे आदेश दिले. 'डोळ्यांची उघडझाप करा' हे तर तीनच शब्द. ते लिहिणाऱ्याच्या मनात दुष्टावा होता असे नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ती बाई नव्हती, एवढेच.

आपल्याकडे या विषयावरचा जुना दाखला विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले, गोड आवाजाचे दोन भिक्खू तथागतांकडे तक्रार घेऊन आले. नाना कुळांतले भिक्खू आपापल्या बोलीत उपदेश सांगतात आणि तो बिघडवतात, तर तो छंदात म्हणजे वैदिक वळणाच्या भाषेत बांधून ठेवू या, असे त्यांचे म्हणणे होते. बुद्धांनी त्यांना नकार दिला आणि आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा दिली. 'सादर करा' लिहिणाऱ्याने ही गोष्ट वाचलेली नसावी.

असो. आता तरुण वाचकांसाठी कामाचे चार शब्द.

या कामाला एकच ठराविक पदवी नाही. पवईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेली आयडीसी ही डिझाइनची शाळा आहे. तेथे माणूस आणि यंत्र यांच्यातला व्यवहार कसा घडवायचा याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, त्यासाठी सीड नावाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पण कंपन्या बहुतेक करून उमेदवाराने केलेले काम पाहतात. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. तो घरबसल्या तयार करता येतो. घरातला एखादा त्रासदायक अर्ज किंवा ॲपचा पडदा घ्या. आधी कसा होता, अडचण कोणाला आली, तुम्ही काय बदलले आणि का, हे लिहून काढा. असे तीन नमुने झाले की दाखवायला काहीतरी झाले. शेजाऱ्यांचे आधार क्रमांक, फोन, फोटो मात्र त्यात येऊ देऊ नका.

लिहिलेले माणसांवर तपासा. जेकब नील्सन नावाच्या तज्ज्ञाने २००० साली लिहिले होते की पाच जणांकडून तपासून घेतले तरी बहुतेक मोठ्या अडचणी सापडतात. पाच माणसे आपल्या गल्लीत एका ओट्यावर मिळतात. फक्त "कळलं का?" असे विचारू नका. आपल्याकडे कळले नाही तरी माणूस भिडेखातर मान हलवतो. "मावशी, हे वाचून आता काय कराल?" असे विचारा, आणि गप्प बसून तिचे बोट कुठे जाते ते पाहा. ज्या पोराने दहाव्या वर्षापासून अख्ख्या चाळीचे फॉर्म भरले, कोण कुठे अडते ते पाहिले, त्याची निम्मी शिकवणी झालेलीच आहे. ती शिकवणी अंधेरीच्या काचेच्या ऑफिसात कोणी देत नाही.

खोटी आशा मात्र लावणार नाही. यातले पुष्कळसे काम आजही आधी इंग्रजीत होते आणि मराठी मागून त्याचा तर्जुमा म्हणून येते. तेव्हा इंग्रजी नीट यायलाच हवे. या क्षेत्रात नोकऱ्या येतात तशा जातातही. आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र असा मजकूर घटकाभरात लिहून देते, त्यामुळे नवख्याची सोपी कामे कमी होत आहेत. हे त्या मुलीनेच सांगितले, तिच्याही मनात धाकधूक आहे. पण ती म्हणाली, "यंत्राला मी सांगितलं की मराठीत लिही, तर तेही 'जतन करा'च लिहितं. ते चुकीचं आहे हे मला गल्लीतल्या त्या दादामुळे कळतं. त्याला कसं कळणार?"

निघताना आम्ही तिला विचारले, परवा दिवसभर बसून कोणते चार शब्द लिहिलेस? तिने सांगितले. तिच्या कंपनीच्या ॲपवर पैसे अडकले की 'व्यवहार अयशस्वी' असे यायचे, आणि घाबरलेली माणसे पुन्हा पैसे पाठवायची, दोनदा जायचे. सकाळपासून बँकेकडून काय खात्रीने सांगता येईल ते विचारण्यात, वकिलांची संमती मिळवण्यात आणि छोट्या पडद्यावर ते बसवण्यात दिवस गेला. संध्याकाळी बटणावर आले: 'आधी पैशांची स्थिती पाहा'.

ताई, पुढच्या खेपेला पाहुणे आले तर सांगा, मुलगी लोकांचे पैसे चुकून दोनदा जाऊ नयेत याची व्यवस्था करते. त्यांनाही ते समजेल. आणि वाचकहो, तुमच्या घरात कोणत्या पडद्यावर, कोणत्या शब्दापाशी गाडी अडली, ते आम्हांला पोस्टकार्डाने जरूर कळवा. ते शब्द आम्ही त्या मुलीला दाखवू.

जयभीम.